दहा दिवसांचं बाळ

खरं नाव हजेरीपटात होतं आणि तिथेच राहिलं. सगळा नवजात विभाग त्यांना तारीखबाई म्हणायचा, अर्थात पाठीमागे. नर्सच्या नोकरीला एकोणतीस वर्षं झालेली. शेजारच्या घरात बाळ झाल्याची बातमी आली तरी मुलगा की मुलगी हे नंतर, आधी "कुठल्या तारखेला? दिवस भरले होते ना?" नवरा म्हणायचा, "आमच्या लग्नाची सोडून साऱ्या जगाच्या तारखा हिला पाठ आहेत." हे फारसं खोटं नव्हतं.

या खोडीला कारण होतं. वेळेआधी जन्मलेल्या मुलाच्या डोळ्यातल्या रक्तवाहिन्या पडद्याच्या कडेपर्यंत पोचलेल्या नसतात. पुढे कधीकधी त्या वेड्यावाकड्या वाढतात, पडदा ओढतात आणि नजर कायमची जाते. वेळीच कळलं तर लेसरने कडेचा भाग भाजून मधली नजर वाचवता येते. पण हाती असतात थोडेच दिवस, आणि बाहेरून डोळा अगदी नितळ दिसतो. पूर्वी एक मुलगी या तपासणीला दीड महिना उशिरा आली. ती आता बोटांनी वाचते, छान गातेही. पण रस्त्यात दिसली की तारीखबाईंना दिवसभर घास गोड लागत नाही. तेव्हापासून त्या अशा प्रत्येक बाळाचा तिसावा दिवस वहीत लिहून ठेवत, आणि बाळ आलं नाही की फोन लावत.

असाच एक फोन त्यांनी एका बसचालकाला केला. त्याचा मुलगा दहा आठवडे आधीच जगात आला होता, वजन तेराशे ग्रॅम. एकविसाव्या दिवशी तो घरी गेला होता.

"बाळाला घेऊन काल यायचं होतं तुम्ही."

"काल कसं, सिस्टर? महिन्याने या म्हणालात ना? आमचं बाळ तर दहा दिवसांचं आहे."

"दहा? अहो, एकतीस!"

"नाही हो. घरी आला तो त्याचा जन्मदिवस धरलाय आम्ही. त्याआधीचे दिवस आम्ही मोजतच नाही."

तारीखबाईंनी वही उघडून तारीख पुन्हा पाहिली. मूल राहतं की जातं अशा धाकात काढलेले दिवस कुठले आईबाप हौसेने मोजतील? आणि घरी दिलेल्या कागदावर 'एका महिन्याने' एवढंच होतं. कुठून धरून, ते लिहायचं राहिलं होतं. अक्षर त्यांचंच. जगाच्या तारखा विचारणारी बाई नेमकी इथे चुकली होती.

"चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "पण बस डेपोत लावा आणि आत्ता या. नाहीतर मीच येऊन बाळाला उचलून आणते."

तासाभरात तिघंही हजर. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी थेंब घालून तपासलं आणि म्हणाल्या, "दोन्ही डोळ्यांत रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढल्यात. लेसर उद्याच. आणखी आठवडा गेला असता तर मी काही करू शकले नसते."

"पण तो माझ्याकडे बघतो हो," आई म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक झाला होता की तारीखबाईंनी तिचा हातच धरला.

दुसऱ्या दिवशी खोलीत अंधार केला. डॉक्टरीणबाईंच्या कपाळावर दिवा, बाळाच्या पापण्या उघड्या राहाव्यात म्हणून त्यांत बारीकशी तार, जिभेवर साखरपाण्याचा थेंब. डोकं धरायचं काम तारीखबाईंचं. ते ऐकायला सोपं आहे. नारळाएवढंही नसलेलं डोकं सव्वा तास असं धरायचं, की ते हलू नये आणि दुखूही नये. त्यात नेमकी नाकाला खाज सुटते. ती कधी सुटली नाही असं एकदाही झालेलं नाही. बाळ रडून रडून दमलं. तारीखबाई पुटपुटत राहिल्या, "झालंच हं राजा, झालंच," आणि मनात स्वतःला झोडपत राहिल्या.

पुढचे तीन महिने तपासण्यांचे. रक्तवाहिन्या ओसरल्या, पडदा जागेवर राहिला. तरी बाळ खरंच बघतं का, ते बाळानेच सांगायचं होतं. शेवटी डॉक्टरीणबाईंनी आईला बोलावलं. तारीखबाईंनी सगळ्यांना दम भरला, "कुणी बोलायचं नाही, चुटकी नाही, खुळखुळा नाही. आवाजाकडे तर कुणीही वळेल."

आईने चपला काढल्या आणि पाळण्याच्या उजव्या बाजूला वाकली. बाळ छताकडे बघत होतं. बापाने डोळे मिटून घेतले. मग बाळाची नजर खाली उतरली, आईच्या चेहऱ्यावर आली आणि थांबली. आई श्वास रोखून डावीकडे सरकली. नजर जरा मागे राहिली, मग हळूहळू तिच्या मागोमाग आली.

"बघतोय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पुरे आता, बोला खुशाल."

तारीखबाईंच्या डोळ्यांना धार लागली होती, आणि त्यांनी ती पुसलीही नाही. आई मात्र अनवाणी पुन्हा उजवीकडे गेली, आणि बाळाचे डोळे पुन्हा तिच्यामागे गेले.