वाढवला म्हणजे काय?

फोन आला तेव्हा मी साताऱ्यात बैठकीत होते. अविनाशची बहीण "अवी गेला" म्हणाली नाही. म्हणाली, "अवी वारला. सकाळी सहाला, झोपेतच." त्याच्या घरात सगळ्यांना असं नेमकं बोलायची सवय झाली होती. 'गेला' म्हटलं की तो "कुठं?" विचारायचा. दीड महिना झाला त्या फोनला.

अविनाश माण तालुक्यातला. पलूसकडच्या आमच्या पंपघरात बारा वर्षं बिघाड शोधायचं काम त्यानं केलं. मी त्याची वरिष्ठ. मोटर नुसती ऐकून कुठलं बेअरिंग खराब होतंय ते सांगायचा. डोळ्यांत बघून मात्र कधी बोलला नाही. चाळिशीत सांगलीच्या डॉक्टरांनी ऑटिझम असल्याचं सांगितलं, तेव्हा ते त्यानं लेखी मागून घेतलं आणि कागद माझ्या टेबलावर ठेवला. "आता येडा म्हणायचं न्हाई. ह्यात तसं लिवलेलं न्हाई." त्यानंतर कुणी म्हणालं नाही... निदान समोर तरी.

टेकडीवरच्या हौदाचा म्हातारा राखणदार 'बंद' हा शब्द अशुभ मानायचा. दुकान बंद करताना 'वाढवलं' म्हणतात, तसा तो व्हॉल्व्ह 'वाढवायचा'. त्याचं ऐकून आम्हीही तेच म्हणू लागलो.

एका उन्हाळ्यात मुख्य नळी गळत होती, ऊस वाळत होता आणि गेटवर माणसं जमली होती. आमचा फिटर महादेव चेंबरमध्ये उतरून नळीचं झाकण खोलणार होता. मी टेकडीवर फोन केला, "व्हॉल्व्ह वाढवा." पाच मिनिटांनी उत्तर आलं, "वाढवला, मॅडम." मी महादेवला म्हटलं, उतर.

अविनाश चेंबरच्या तोंडावर फतकल मारून बसला.

"वाढवला म्हंजे बंद का उघडा?"

"अरे, उभ्या जिल्ह्याला कळतं ते! ऊठ."

"मला न्हाई कळत. इचारा."

"आवं मॅडम, इचारा की," महादेव हसत म्हणाला, "न्हाईतर हितंच मुक्काम पडंल माजा."

गेटवरून शिव्या येत होत्या. मी चिडून फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. चौथ्यांदा लागला.

"उघडा आहे की बंद?"

"पूर्ण उघडला, मॅडम. आटे संपेपर्यंत."

म्हातारा त्या दिवशी रजेवर होता. बदली माणूस जतचा, घरी कन्नड बोलणारा. मी सांगितलेला शब्द त्यानं सरळ घेतला होता: वाढवा, म्हणजे आणखी उघडा. महादेवनं झाकणाचे नट सोडले असते, तर हौदाचं सगळं पाणी त्याच्या अंगावर आलं असतं. महादेवनं हातातला पाना खाली ठेवला. अविनाश म्हणाला, "आता बंद करायला सांगा. 'बंद' म्हणूनच सांगा."

संध्याकाळी मी अहवालात 'निरोपात गोंधळ' असं लिहिलं. त्यानं वाचलं. "गोंधळ न्हाई. शब्द तुमचा हुता." आवाजात राग नव्हता, त्यामुळे जास्त लागलं. मी ओळ खोडली, चूक माझी म्हणून लिहिलं आणि सही केली. तेव्हापासून पंपघरात 'बंद' आणि 'उघडा' हे दोनच शब्द चालतात.

गेल्या सोमवारी त्याच चेंबरचं काम निघालं. व्हॉल्व्ह बंद आहे, असं मी स्वच्छ सांगितलं. महादेव उतरला नाही. चेंबरच्या तोंडावर फतकल मारून बसला, माझ्याकडे न बघता म्हणाला, "बंद म्हंजे बंदच ना, मॅडम? इचारा एकदा."

मी फोन लावला.