पोरीचा फोटो मुक्कामी राहत नाय

उस्मानपुऱ्यातल्या वच्छलाबाईंनी तीस वर्षांत किती लग्नं जुळवली, ते त्यांनाही सांगता यायचं नाही. हौसच तशी! खांद्याला काळी रेक्झिनची पिशवी, पिशवीत पोरींचे फोटो, आणि कायदा एकच: स्थळानं नकार दिला की फोटो हातोहात परत घ्यायचा. "पोरीचा फोटो लोकाच्या घरी मुक्कामी राहत नाय," म्हणायच्या. एकदा सिल्लोडात एका घरी फोटो सापडेना, तर बाई दुपारभर त्यांच्या ओट्यावर ठाण मांडून बसल्या, चहाला शिवल्या नाहीत. फोटो आणून पोरीच्या आईच्या हातात दिला, तेव्हा कुठं पोटात घास गेला.

मग पिशवीची जागा मोबाईलनं घेतली. शेजारच्या सुलेखाची पोरगी दीपमाला एका लॅबमध्ये रक्त तपासायच्या कामाला. तिचा फोटो आणि बायोडाटा, त्यात तिचाच मोबाईल नंबर, बाईंनी सिल्लोडला मुलाच्या आईला, केसरबाईंना व्हॉट्सॲपवर धाडला. त्यांच्याकडून नकार आला. बाईंनी लगेच आपल्या मोबाईलमधून फोटो पुसला आणि सुलेखाला आवर्जून सांगितलं, "परत घेतला बरं का!" पुसला म्हणजे परत आला, अशी त्यांची पक्की समजूत. काय करणार, तीस वर्षांची सवय!

दोन महिन्यांनी दीपमालाला परक्या माणसांचे फोन सुरू झाले. कुण्या हरामखोरानं तिचा फोटो आणि नंबर भलत्याच ग्रुपवर टाकला होता. तिनं सायबर पोलिसांत तक्रार दिली, पण फोन काही थांबेनात. बाप सर्जेराव खवळले.

"हे मिटंपर्यंत ड्युटी बंद. घरी बस!"

चार वर्षांची नोकरी. दीपमाला रडून रडून थकली. वच्छलाबाईंच्या कानावर गेलं, तशा त्या सुलेखाच्या दारात आल्या. "माझ्या हातून गेलाय, मीच आणते," म्हणाल्या आणि सकाळच्या एसटीनं सिल्लोड गाठलं.

"अगं बाई, एवढंच ना?" केसरबाईंनी फोटो शोधला आणि समोरच पुसला. "घ्या, गेला."

"अजून कुणाला धाडला व्हता?"

केसरबाई बोटांवर मोजू लागल्या. जावयाला, नणंदेला, नणंदेनं तिच्या वधू-वर ग्रुपवर.

"त्या ग्रुपात माणसं किती?"

"असतील दोन-अडीचशे. मी काय सगळ्यायला ओळखते व्हय?"

वच्छलाबाईंनी मनात हिशेब केला. अडीचशे ओट्यांवर बसायचं तर उरलेला जन्म पुरायचा नाही. परतीच्या गाडीत त्यांना लई रडू आलं.

संध्याकाळी त्या दिसताच सुलेखानं हात पुढं केला. बाईंनी आपले रिकामे हात दाखवले.

"नाय आणता आला गं." मग सर्जेरावांकडं वळल्या. "भाऊ, तो फोटो आता कधीच परत येणार नाय. त्याच्यापायी पोरगी घरी बसवली तर ती तिथंच म्हातारी व्हईल. चूक माझी हाय. बसवायचं तर मला बसवा."

तेवढ्यात दीपमालाचा मोबाईल वाजला. नंबर परका. बाईंनीच उचलला.

"हाय जानू..."

"जानूची आजी बोलते रे मेल्या! गाव कोणतं तुझं? बापाचं नाव काय? आडनाव सांग! इकडचं एक घर मला नवं नाय. उद्या तुझ्या मायच्या ओट्यावर येऊन बसते, थांब!"

फोन कट. दीपमाला पंधरा दिवसांत पहिल्यांदा खळखळून हसली.

सर्जेराव लेकीजवळ आले. मग म्हणाले, "सकाळी ड्युटी किती वाजता असती गं?"

"सातला."

"सोडतो मी."

मोबाईल पुन्हा वाजला, पुन्हा परका नंबर. बाईंनी हात पुढं केला, पण दीपमालानं तो स्वतःच उचलला.

"गाव कोणतं?" ती म्हणाली. "बापाचं नाव काय?"