टांगा जागचा हलला नाही

बुलढाण्याच्या आमच्या चर्चमध्ये एक टांगेवाला माझ्या शेजारी बसे. गाताना त्याचा आवाज चाकासारखा करकरे आणि मी गीतांच्या पुस्तकाआड हसे. भांडण मिटवल्याशिवाय प्रभुभोजनाची भाकर घ्यायची नाही, हा त्याचा नेम. मनाला काही बोचलं की तो उठे, टांगा जुंपून समेटाला निघे. माझं मन मात्र कायम कोरं करकरीत. फारसं वापरात नव्हतं.

एका रविवारी तो उठलाच नाही.

"काय, आज कोणाशी भांडण नाही?" मी विचारलं.

"हाये ना, मास्तर. तुमी माह्या गाण्याले हासता, त्याचा मले लय राग येते. मले माफ करा."

मी मोठ्या मनानं त्याला माफ केलं, भाकरही घेतली. मग गीत सुरू झालं, आणि माझा आवाजच फुटेना.