आचाऱ्याचा सिनेमा राखणारे चुनीलालजी

चुनीलालजी पटले साठ वर्षांचे झाले. समोरासमोर मी त्यांना चुन्याच म्हणते. पण गौरवग्रंथात ते शोभत नाही, असे लिहून घेणारी माझी नात म्हणते.

ओळख नव्व्याण्णव सालची. माझ्या नातवाच्या बारशाला ते आमच्या केशोरी गावात टीव्ही-व्हीसीआर भाड्याने घेऊन आले. मी देवाचा सिनेमा सांगितला होता, त्यांनी लावला कॉलेजचा. त्यात बापाच्या वयाचे गडी वही फिरवत कॉलेजात जाऊन राहिले होते. हे कितव्यांदा नापास झाले, असे मी विचारले तर सारा मांडव हसला. पण भराभर बोललेली हिंदी मला उमगत नाही हे ओळखून ते शेजारी बसले आणि सगळा सिनेमा आपल्या बोलीत सांगत गेले.

टॉकीजमधून लगेच उतरलेल्या अशाच सिनेमांच्या कॅसेटी ते जमवत. हे कायले, म्हणून मी टोके. ते म्हणत, "चांगले सिनेमे कोणीबी ठेवते, मावशी. यायले मी नाही ठेवलं तर कोण ठेवीन?"

त्यांतल्या एकात होस्टेलचा आचारी चक्क आपली झाडीबोली बोलतो. पुढे सीडी निघाली, तीत तो भाग कापलेला. चुनीलालजींच्या मुलीच्या लग्नात व्हिडिओवाल्याची कॅसेट संपली, तेव्हा पाहुण्यांनी नेमकी ही आचाऱ्याची कॅसेटच पुढे केली. कॅसेटीच्या कडेच्या खाचेवर चिकटपट्टी लावली की जुना सिनेमा पुसून त्यावर लग्न उतरते. गावोगाव तसेच चाले. चुनीलालजींनी कॅसेट दिली नाही. विदाईचे चित्रण राहिले. त्यांच्या पत्नी सुशीलाबाई ते वर्षानुवर्षे ऐकवत राहिल्या.

मग जुने सिनेमे जमवणारे नागपूरचे एक संग्राहक त्यांच्या घरी आले. संग्राहकांच्या एकाही प्रतीत आचारी नव्हता, आणि इकडच्या कॅसेटीवर बुरशी चढलेली. चुनीलालजींनी फीत हाताने फिरवत मऊ कापडाने पुसली. तुटली असती तर लग्नही गेले आणि सिनेमाही. पडद्यावर मुंग्या आल्या, सरकल्या, आणि आचारी ओरडला, "काऊन बे, जेवून राहिला का झोपून राहिला?"

सगळ्यांआधी सुशीलाबाई हसल्या. म्हणाल्या, "पोरीची विदाई मले डोळे मिटले तरी दिसते. हा बुढा आचारी कुठून आणला असता?"

चुनीलालजींची पाठ ताठ राहो, नजर शाबूत राहो, बोटे कधी न थरथरोत. त्यांनी खूप जगावे. कपाटभर कॅसेटी अजून पुसायच्या आहेत, आणि सुशीलाबाई आता त्या कॅसेटींना दुसऱ्या कोणाचा हात लागू देत नाहीत.