क्लचची शीळ

चांद्याला आम्हा दोघा भावांचं गॅरेज होतं. पन्नास सालानंतरची ती वर्षं. आमच्याकडे यायच्या त्या बहुतेक सागवानाच्या लॉऱ्या. त्यांचा कुठला आवाज कशाचा, हे दादानं मला शिकवलं होतं. लढाईच्या काळात त्यानं फौजेच्या गाड्या दुरुस्त केल्या होत्या. पुढं काही वर्षं लाकूड कापायच्या आरामशीनवरचं इंजिन सांभाळलं आणि मग हे गॅरेज टाकलं.

एका सकाळी अहेरीकडचे एक लाकूड ठेकेदार आले ते दोन माणसांच्या, बिनटपाच्या विलायती गाडीतून. नागपूरचा कोणी साहेब मायदेशी परतला, त्याची ही शर्यतीतली गाडी यांनी घेतली होती. वैनगंगा ओलांडताना नाव कलली, गाडीची चाकं वरपर्यंत पाण्यात गेली, आणि काही दिवसांनी गाडी ओरडायला लागली.

"क्लच दाबला का शिटी वाजते, भाऊ," ठेकेदार दादाला म्हणाले. "रस्त्यानं बैलं बुजून राह्यले."

त्यांनी गाडी सुरू केली, पॅडल दाबलं, गिअर टाकला. कानात सुई टोचावी अशी बारीक, लांब शीळ निघाली. समोरच्या टपरीवरची माणसं वळून पाहू लागली. मी दात आवळले.

दादा बॉनेटवर वाकला होता. त्यानं लांब पेचकस गिअरबॉक्सला टेकवला, लाकडी मूठ कानाशी धरली. बराच वेळ तसाच राहिला. मग सरळ होत म्हणाला, "वाजवा नं भाऊ."

"वाजून तं राह्यली!"

"कुठी?"

ठेकेदारांना वाटलं, हा गंमत करतोय. ते हसले. दादा हसला नाही. त्यानं माझ्याकडं पाहिलं, आणि माझ्या चेहऱ्यावरून त्याला कळलं की शीळ आहे, त्यालाच तेवढी ऐकू येत नाही. समोरचं बोलणं त्याला ऐकू येई, इंजिनाची धडधड येई. हा बारीक सूर तेवढा त्याच्यापर्यंत पोचत नव्हता.

"गाडी राहू द्या, भाऊ. संध्याकाळी या," मी घाईनं म्हटलं. ठेकेदार गेले.

दादा पायरीवर बसला. कापडानं हात पुसत राहिला, हात कोरडे होते तरी. आमचं घर गॅरेजच्या मागंच होतं. वहिनी चहा घेऊन आली, तिला मी बाजूला घेऊन सांगितलं. ती म्हणाली, "मले ठाऊक हाय. म्हनूनच आतून हाक नाई मारत मी त्याईले. समोर येऊन बोलतो." ती तशी समोर येऊन बोलते हे मी रोज पाहत होतो. मला वाटायचं, दादाचा मान राखायला ती तसं करते.

मी परतलो तेव्हा दादा उठून गाडीत बसला होता.

"मी पॅडल दाबतो. तू आयक आन सांग," तो म्हणाला. "नुसतं दाबलं, गिअर नाई. हाय का?"

"नाई."

"आता गिअर टाकला."

"आता हाय. जोरात."

"पॅडल सोडतो, गिअर काढून."

"बंद."

त्यानं तेच पुन्हा दोनदा करून पाहिलं. माझी उत्तरं बदलली नाहीत. मग इंजिन बंद करून डोळे मिटून बसला. "पॅडलसंगं दाबल्या जाणारं बेरिंग असतं, तं गिअर न टाकताही बोललं असतं," तो हळूहळू म्हणाला. "हे गिअर टाकल्यावरच बोलते. म्हंजे बुश."

इंजिनच्या मागच्या टोकाला पितळेची एक लहानशी बुश असते. गिअरबॉक्सच्या दांड्याचं टोक तिच्यात बसतं. एरवी दोन्ही एकत्र फिरतात. पण पॅडल दाबून गिअर टाकला की दांडा थांबतो आणि बुश त्याच्याभोवती फिरत राहते. नदीच्या पाण्यानं तिच्यातलं तेल गेलं असणार.

गिअरबॉक्स उतरवायला आम्हा दोघांना दुपार लागली. बुश कोरडी ठणठणीत, आतून चरे पडलेली निघाली. दादानं ती बोटात धरून माझ्यापुढं केली. त्याच्या तोंडावर सकाळपासून पहिल्यांदा हसू आलं. ठेकेदारांना आणखी दोन दिवस थांबावं लागलं. ओळखीच्या खरादीवाल्याकडून नवी बुश कातून घेतली, रात्रभर तेलात भिजत ठेवली आणि मग बसवली.

गाडी बैलांना न बुजवता गेली. त्यानंतर आठवडाभर मी कुठल्याही इंजिनाजवळ गेलो की दादा दुसरीकडं बघे. मलाही त्याच्यादेखत आवाज ओळखायचा संकोच वाटू लागला.

मग राजुऱ्याहून एक लॉरीवाला आला. त्याची लॉरी कुठंतरी बारीक कुरकुरत होती. मी पान्हे उचलत मुद्दाम वेळ काढत होतो. दादा पुढं झाला आणि मोठ्यानं म्हणाला, "मले बारीक आवाज येत नाई, भाऊ. माझा भाऊ आयकते, मी इचारतो. दोघं मिळून सांगू तुले."

आणि माझ्याकडं वळून, जरा रागानंच, "काऊन उभा हायेस? ये नं इकडं."