आज किती?

माझा नवरा लोकांच्या घरी, ऑफिसांत जाऊन किडे मारायचं औषध फवारतो. पाठीवर टाकी, तोंडाला फडकं, आणि मुंगीपासून ढेकणापर्यंत सगळ्यांचा काळ! घरात मात्र गरीब गाय. या कामाला चौदा वर्षं झाली. मधे दुसरं काम शोधून पाहिलं, पण या वयात दारात उभं कोण करतंय?

लेकीला आम्ही सांगून ठेवलं होतं, बाबा ऑफिसं धुतो. कारण तिच्या शाळेतल्या बाई. मुंगीलाही घर असतं, तिला चिरडायचं नाही, असं त्यांनी वर्गात शिकवलं. झालं! बाई बोलल्या म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. तेव्हापासून झुरळ दिसलं की ही त्यावर प्लास्टिकचा ग्लास पालथा घालणार, खालून पुठ्ठा सरकवणार आणि जिन्याखाली नेऊन सोडणार. "जा, तुझी आई वाट बघत असेल." झुरळाची आई म्हणे! मी चप्पल उचलली की असा गळा काढायची की शेजारीण डोकवायची. आणि बाप? कामावरून येऊन तीन-तीनदा साबणाने हात धुणार आणि तिच्यासोबत मुंग्या सोडवायला बसणार. ढोंगी कुठला, मी म्हणायचे. पण त्याचं तोंड बघितलं की माझंच मन खायचं.

एका रविवारी मालकाने त्याला धाडलं ते नेमकं तिच्याच शाळेत. वर्गात खिडकीपाशी काचेची बरणी, झाकणाला भोकं, आत पाच सुरवंट. वर चिठ्ठी, 'आमचे पाहुणे'. अक्षर लेकीचं. बरणी हलवायला बाई विसरलेल्या. बाहेर ठेवावी तर उन्हात शिजणार, आत ठेवावी तर विचारूच नका. त्याने ती डब्याच्या पिशवीत घालून घरी आणली. सोमवारी शाळा उघडायच्या आधी परत ठेवीन म्हणाला आणि कपाटावर लपवली. तासाभरात हुडकली नाही तर ती माझी लेक कसली!

"बाबा, हे आमचे पाहुणे. इथे कसे आले?"

इकडे आड, तिकडे विहीर. त्याला खोटं सुचेना. सगळं सांगून बसला.

"मग बाकीचे? बाकांखालचे?"

तो उठून पुन्हा हात धुवायला गेला. ती रडलीसुद्धा नाही. रडली असती तर बरं झालं असतं. दोन दिवस जेवायला त्याच्या शेजारी बसली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ग्लास आणि पुठ्ठा आणून त्याच्या पुढ्यात ठेवला.

"आधी त्यांना बाहेर काढत जा. मग फवार."

"सगळे कसे निघतील गं बाळा?"

"निघतील तेवढे."

मी दोन्ही वस्तू कागदात गुंडाळल्या, दोऱ्याची दुहेरी गाठ मारली आणि पुडकं त्याच्या कामाच्या पिशवीत टाकलं. रोज संध्याकाळी लेकीचा एकच प्रश्न, "आज किती?" तो सांगायचा, नऊ. कधी बारा. मग ती त्याला चिकटून बसायची. घर पुन्हा घरासारखं झालं.

तीन आठवड्यांनी तो आल्या आल्या मी पिशवी धुवायला घेतली. तो मोरीत हात धूत होता. तळाशी पुडकं. गाठ माझीच, जशीच्या तशी. मालक एका मजल्याला वीस मिनिटं देतो, हे मला काय ठाऊक नव्हतं? तरी असा संताप आला! पुडकं घेऊन मोरीपाशी गेले, तोंड उघडलं, तोच लेक खेळून धावत आली.

"बाबा, आज किती?"

त्याने माझ्या हाताकडे पाहिलं. साबण तसाच हाताला.

"सात," तो म्हणाला.

मी स्वयंपाकघरात आले, दाताने गाठ सोडली, ग्लास नळाखाली विसळला आणि तिला दिसेल असा ओट्यावर पालथा घातला.