केशवसरांचं टॉप

भोरच्या एसटी स्टँडासमोर केशवसरांची कॉम्प्युटर संस्था आहे. आत शिरताच भिंतीवरच्या टीव्हीवर काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं सरकताना दिसतात. ही टॉप नावाची कमांड. सर्व्हरवर कोणता प्रोग्रॅम किती प्रोसेसर खातोय ते ती दाखवते, सगळ्यात जास्त खाणारा सगळ्यात वर. पालक आले की केशवसर खुर्ची मागे ढकलून म्हणतात, "हे आमचं आयसीयू." पालक माना हलवतात. सरांना त्यातली पहिली ओळ वाचता येते. बाकीची वाचायची गरज त्यांना कधी वाटलेली नाही.

मशीन अडकलं की सरांचा उपाय ठरलेला. जो वर, तो चोर. त्याचा नंबर टाकायचा आणि किल मारायचं, म्हणजे तो प्रोग्रॅम जागीच बंद. परीक्षा चालू असताना वर कोण असणार? परीक्षेचाच प्रोग्रॅम! पण तो मेला की आपोआप परत सुरू होतो आणि दोन मिनिटं मशीन सुसाट पळतं. तेवढ्या दोन मिनिटांवर सरांची वीस वर्षांची विद्वत्ता उभी आहे. सरांना सगळ्यात जास्त राबणाऱ्याचाच संशय येतो. संस्थेतले दोन चांगले शिक्षक असेच गेले. तिसरी मैथिली, अजून टिकून आहे.

त्या शनिवारी हिर्डोशीची शिवानी परीक्षेला आली होती. शिरवळच्या एका कारखान्यात ऑफिसमधली जागा तिला मिळत होती, फक्त सोमवारी प्रमाणपत्र दाखवायचं होतं. पुढची परीक्षा दोन महिन्यांनी. जागा तेवढे दिवस कोण धरून ठेवणार?

अर्धा पेपर झाला आणि सगळे पडदे गोठले. सरांनी किल मारलं. पडदे परत आले, पण शिवानीची शेवटची पंधरा उत्तरं गेली.

"सर, माजी उत्तरं कुठं गेली?"

"तुम्ही मुलं एकदम बटणं बडवता, म्हणून होतं. लिही परत."

तिने लिहायला घेतलं. पुन्हा सगळं गोठलं. सरांचं बोट पुन्हा किल मारायला निघालं.

"सर, थांबा!" मैथिली उठून आली. "टॉपमध्ये बघा ना, प्रोसेसर रिकामा बसलाय. सगळे डिस्कची वाट बघतायत. आयओटॉप लावून बघू, डिस्कवर कोण बसलंय ते कळेल."

"मैथिली, मी हे करत होतो तेव्हा तू शाळेत होतीस."

शिवानीने येऊन सरांच्या पुढचा कीबोर्ड सरळ स्वतःकडे ओढून घेतला. "मॅडमला बघू द्या सर. आता मारलंत तर मी हितंच बसंन, घरी जायाची न्हाई."

मैथिलीने कमांड दिली. वर आला कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग करणारा प्रोग्रॅम. सरांनी गेल्याच आठवड्यात चार कॅमेरे बसवून त्यांचं चित्रण परीक्षेच्याच डिस्कवर सोडलं होतं. चारपैकी तीन कॅमेऱ्यांची तोंडं सरांच्या खुर्चीकडे.

मैथिली रेकॉर्डिंग बंद करायला निघाली तसे सर म्हणाले, "कॅमेरे बंद? मग कॉपी झाली तर?"

"कुणाची? तुमची?" मागून कुणीतरी म्हणालं आणि वर्ग फिदीफिदी हसला.

मैथिलीने रेकॉर्डिंग थांबवलं. पडदे हलले, उत्तरं जागेवर होती. वेळ संपता संपता शिवानीने शेवटचा प्रश्न सोडवला आणि पडद्यावर 'उत्तीर्ण' आलं, काठावर.

सर तोवर बाहेर एका पालकाला सांगत होते, "डिस्कची भानगड होती. नजर लागते हो, अनुभवाची नजर."

शिवानी तिथेच छापून मिळालेलं प्रमाणपत्र पिशवीत घालून एसटीकडे निघाली तेव्हा सरांनी हाक मारली, "काय गं, नोकरी लागली की पेढे आणायचे बरं का!"

"आणीन की," ती म्हणाली, "मैथिलीमॅडमला."